जाळीपलीकडचा खोकला

४ मार्च

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. शीतगृहातला एक कॉम्प्रेसर बंद पडून माझी वाट बघत बसला होता, म्हणून लिहायला उशीर झाला. फोन केला असता, पण यंत्राबद्दल सांगायचं तर मला लिहिणं बरं पडतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाबांच्या खोलीतली वरची जाळी उघडली, तेव्हा तुम्ही शिडी धरून उभ्या होतात. आत जे दिसलं ते त्या वेळी मुद्दाम बोलले नाही. माळ्यावरच्या एकाच एसी यंत्रातून थंड हवा नेणारा तो पत्र्याचा डक्ट घरभर फिरतो आणि घर बांधल्यापासून त्याला आतून कोणाचा हात लागलेला नाही. तळाला काळी बुरशी आहे. सांधे सुटले आहेत, त्यामुळे बरीचशी थंड हवा माळाच गार करते. बाबांना दुरुस्तीच्या घड्याळांच्या डायलवर जे काळे कण सापडतात, आणि ज्यांचा आळ ते तुमच्या शिवणकामावर घेतात, ते तिथून येतात.

दुसरी गोष्ट खोकल्याची. मी होते तेवढे दिवस लक्ष ठेवलं. आतून कडी लावून कामाला बसले की बाबा खोकतात. जेवायला बाहेर आले, अंगणात बसले, की खोकत नाहीत. म्हणजे कारण त्या खोलीच्या हवेत आहे.

माझा सल्ला असा: डक्ट कायमचा बंद करायचा आणि प्रत्येक खोलीला डक्टशिवायचा स्वतंत्र एसी बसवायचा. भिंतीवर एक युनिट, बाहेर एक, मधे तांब्याच्या दोन नळ्या. भिंतीला मनगट जाईल एवढं भोक पडतं, बाकी तोडफोड नाही. ज्या खोलीत माणूस आहे तेवढीच गार होते, त्यामुळे वीज वाचते. बाबांना गारवा सोसत नाही आणि तुम्हाला मशीनवर बसलं की घाम फुटतो. एकाच बटणावरून तुमची रोज जी झटापट होते ती संपेल, कारण प्रत्येकाचं बटण वेगळं. एका खोलीतली हवा दुसरीत जात नाही. थंडीत तेच यंत्र उलटं चालून खोली गरम करतं. आणि आवाज जवळजवळ नाहीच.

आधी बाबांची खोली करू, मग तुमची. ओळखीचा मिस्त्री तुमच्या भागात आहे, त्याला पाठवते. दादा दौऱ्यावरून आला की त्यालाही हे दाखवा.

तुमची नणंद


१३ मार्च

प्रिय इंजिनियरीणबाई,

तुझं पत्र वाचून झाल्यावर खाली सही करून परत पाठवायचं का, असं वाटलं. तुझ्या दादाला दाखवलं. तो म्हणाला, “हिने लहानपणी रेडिओ उघडला होता, तो अजून लागायचाय.” मी तुझी बाजू घेतली, याची नोंद ठेव.

मिस्त्री आला होता. बिचारा शिडी घेऊन आला आणि चहा पिऊन गेला. सध्या शाळेच्या गणवेशांचं मोठं काम अंगावर आहे गं. सगळे पांढरे सदरे. भिंत फोडली तर धूळ कुठे कुठे म्हणून झटकू? ते हातावेगळं झालं की बघू.

आणि एक विचारायचं होतं. नवा एसी बसला तरी जुना डक्ट तसाच राहिला तर चालणार नाही का? सगळा नाही. बाबांच्या आणि माझ्या खोलीमधला तेवढा तुकडा. तो कोणाचं काय खातो?

बाबा बरे आहेत. खोकला अगदी नियमित आहे, काळजी करू नकोस.

उत्तर घरी पाठवू नकोस. मी ज्याच्याकडून कापड घेते त्या दुकानाचा पत्ता खाली देते आहे, तिथे टाक. घरचं टपाल आधी बाबांच्या हाती पडतं.

तुझी वहिनी


२२ मार्च

प्रिय वहिनी,

डक्टचा तुकडा ठेवता येणार नाही. बुरशी सगळ्यात जास्त त्याच तुकड्यात आहे. तो उघडा ठेवून नवा एसी लावणं म्हणजे नळाला गाळणी बसवून टाकी तशीच सोडणं.

मिस्त्री परवा पुन्हा येऊन गेला आणि पुन्हा चहा पिऊन गेला, असं त्याने कळवलं. आता गणवेश नव्हते, तुमचं डोकं दुखत होतं.

“खोकला नियमित आहे, काळजी करू नकोस” हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला ते समजलं नाही. उत्तर कापडवाल्याकडे का मागवता, तेही समजलं नाही. बाबांपासून लपवण्यासारखं माझ्या पत्रात काही नसतं, म्हणून मी त्यांनाच वेगळं पत्र लिहून एसीबद्दल विचारते आहे.

तुमची नणंद


३० मार्च

बाळ,

पत्र पोचलं. एसी बसव. मला डायलवर कण नकोत, एवढीच माझी मागणी आहे. मिस्त्री दोनदा आला, सूनबाईने दोनदा परत धाडला. त्याला आपल्याकडे चहा बरा मिळतो, तो तक्रार करायचा नाही.

तुझी वहिनी मोठी अजब बाई आहे. मी कडी लावून आत काय करतो ते तिला बाहेर बसून कळतं. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाला फोनवर म्हणालो, “आमच्याकडे चहात साखर मोजून तीन दाणे पडते.” संध्याकाळी माझ्यापुढे कप आला. वर चहा, खाली दोन बोटं साखर. चेहऱ्यावर काही नाही.

माझी तब्येत उत्तम. घड्याळं चालतात, मीही चालतो.

बाबा


७ एप्रिल

वहिनी,

बाबांचं पत्र आलं. त्यांना जे अजब वाटतं त्यात अजब काही नाही. डक्ट हवा नेतो तसा आवाजही नेतो. तुमच्या शिलाई मशीनच्या वरची जाळी आणि बाबांच्या टेबलावरची जाळी ही एकाच पाइपची दोन तोंडं आहेत. तुम्ही ऐकता. म्हणून तुम्हाला तेवढाच तुकडा हवा आहे.

कशासाठी ऐकता हे मी विचारत नाही. बाबा फोनवर कोणाशी काय बोलतात, माझ्याशी काय बोलतात, हे कळल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसेल, तर तो तुमचा प्रश्न. पण त्यापायी बाबांच्या छातीत बुरशी जाऊ देणार नाही.

मिस्त्री १६ तारखेला येईल. काम पूर्ण झाल्याशिवाय निघायचं नाही, मधे कोणी थांबवलं तरी थांबायचं नाही, असं त्याला सांगितलं आहे. बाबांची संमती लेखी आहे. डक्टची दोन्ही तोंडं पत्रा मारून वर सिमेंट लावून बंद होतील. मी दहा तारखेला नव्या प्लांटच्या उभारणीवर जाते आहे. तिथे फोन लागत नाही आणि टपाल येत नाही.

तुमची नणंद


१३ एप्रिल

वन्सं,

हो, ऐकते.

गेल्या थंडीत मी मशीनवर होते आणि जाळीतून चिमटा पडल्याचा आवाज आला. बाबांच्या हातून चिमटा पडला की ते त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी एक अक्षर आलं नाही. मी मशीन थांबवली. तरी काही नाही. दार ठोठावलं, हाका मारल्या. शेवटी शेजारच्या सुताराने खिडकी उचकटली आणि आत उतरला. बाबा खुर्ची आणि टेबल यांच्या सांदीत पडले होते, ओठ निळे.

डॉक्टर म्हणाले, नाडी मधेच थांबते. किती वेळा आणि किती वेळ, ते पाहायला छातीला पट्टे लावून एक दिवस यंत्रावर नोंद घ्यावी लागेल. बाबा म्हणाले, “ठोका चुकणारी घड्याळं माझ्या हाताखालून रोज जातात. त्यांना घाई केलेली चालत नाही.” गेले नाहीत. तुला सांगायचं नाही, असा तुझ्या दादाकडून आणि माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाले, “ती नोकरी टाकून येईल आणि माझ्या डोक्यावर बसेल.” तो शब्द मी आज मोडते आहे.

कडी काढू देत नाहीत. दार उघडलं की झुळकेने केसाएवढी स्प्रिंग उडते आणि ती शोधण्यात दिवस जातो, हे खोटंही नाही. तान्ह्या बाळाजवळ ठेवतात तसलं आवाज पोचवणारं यंत्र मी त्यांच्या कपाटावर लपवलं होतं. त्यांनी त्याचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला आणि डबीत घालून मला परत दिलं. वर म्हणाले, “बनावट हलकी आहे.”

मग मी काय करणार? मशीन जाळीखाली सरकवली. खोकला आला की पुढची शिवण मारते. बराच वेळ आला नाही की मशीन थांबवते आणि श्वास धरून बसते. तू त्याला आजार म्हणतेस. असेल. मला दिवसभरात त्याच्याइतकं गोड काही ऐकू येत नाही.

बुरशीचं मला कळतं गं. ज्या पाइपाने त्यांना दुखणं येतं, तोच मला ते शुद्धीवर असल्याचं सांगतो. यातून वाट काढ. तू शिकलेली आहेस. पण सोळाच्या आत काढ. घरून फोन करता येत नाही, कारण जाळी त्यांचा आवाज माझ्याकडे आणते तसा माझा त्यांच्याकडे नेते. दुकानातून तुला लावून पाहिला, लागत नाही. हे पत्र तरी कोणी तुझ्यापर्यंत पोचवो.

तुझी वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

आज उभारणीवरून परतले आणि तुमचं पत्र वाचलं. त्याच्याखाली मिस्त्रीची चिठ्ठी होती: काम ठरल्या दिवशी पूर्ण, दोन्ही तोंडं पक्की बंद.

घरी फोन केला. बाबांनी घेतला. तुम्ही कापड आणायला गेल्या होतात. त्यांना विचारायचं ते विचारता येईना, म्हणून एसीबद्दल विचारलं. म्हणाले, “आवाजच करत नाही गं. आहे की गेला, कळत नाही.” डायल स्वच्छ आहेत. बोलत होते तेवढा सगळा वेळ मी खोकल्याकडे कान लावून होते. एकदाही आला नाही. निदान तेवढा निष्कर्ष बरोबर निघाला.

आता करायचं ते. सुताराला बोलवा, बाबा अंगणात असताना. कडी ज्यात अडकते तो कोयंडा चौकटीला लांब स्क्रूंनी बसवलेला असेल. ते काढून तिथे अगदी आखूड स्क्रू लावायला सांगा. दिसायला कडी तशीच राहील, पण खांद्याने जोर दिला की सुटून येईल. बाबा आत असले की ते दार उघडेपर्यंत काही ना काही निमित्ताने हाक मारत राहा. डक्ट पुन्हा उघडा, असं मी अजूनही म्हणणार नाही. भिंतीतून स्वच्छ नळी टाकता येईल, ती मी स्वतः येऊन टाकते. इथल्या शीतगृहाचं यंत्र गॅस भरून चालू झाल्याशिवाय मला सोडत नाहीत. झालं की निघते.

सात तारखेच्या पत्रात तुमच्याबद्दल लिहिलं ते चूक होतं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

घरी फोन केला तर बाबाच घेतात, म्हणून हे पत्र कुरिअरने दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे.

तुमची नणंद


२७ एप्रिल

वन्सं,

तुझं पत्र आज हातात आलं. जे घडायचं ते काल घडून गेलं. पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझं मलाच सांगता यायचं नाही.

डक्ट बंद झाल्यापासून माझ्या खोलीत ना हवा, ना आवाज. माझं युनिट अजून बसायचं आहे. घामाने सदरे ओले होऊ नयेत म्हणून मी मांडीवर पंचा टाकून शिवत होते. दर थोड्या वेळाने उठायचं आणि भिंतीला कान लावायचा. भिंत जाड. सारखी दार वाजवायला लागले तर परवा बाबा म्हणाले, “सूनबाई, सुई हवी, दोरा हवा, वर्तमानपत्र हवं. माझ्या खोलीत तू दुकान काढलंयस का?” मग वाजवायची सोय राहिली नाही.

काल दुपारी चहा घेऊन गेले. दार वाजवलं. ओ नाही. पुन्हा वाजवलं. “बाबा,” म्हटलं, “चहा.” काही नाही. कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. आत इतकं शांत, की तुझ्या त्या न वाजणाऱ्या यंत्राला मी मनात काय काय म्हणाले ते लिहीत नाही. सुतार घरी नव्हता, तुझा दादा दौऱ्यावर. मी आत पळाले, इस्त्री उचलली, अंगणातून खिडकीशी गेले आणि काचेवर घातली.

बाबा टेबलाशी बसलेले होते. डोळ्याला भिंग, एका हातात चिमटा, दुसऱ्या हाताखाली घड्याळ. मान न वळवता तसेच. मग हळूच श्वास सोडला आणि म्हणाले,

“उडाली.”

“काय?”

“स्प्रिंग.”

“बाबा, मी इतक्या हाका मारल्या, ओ द्यायला काय झालं होतं?”

“तोंड उघडलं असतं तर उडाली असती. श्वास धरून बसवतात ती. आता उडालीच, तर ओ.”

माझ्या हातातली इस्त्री गवतात पडली. मी तिथेच खिडकीबाहेर उभी राहून रडायला लागले, आणि तोंडातून काय निघावं? म्हटलं, “तुम्ही खोकत का नाही?”

बाबांनी भिंग काढलं. खुर्ची माझ्याकडे वळवली.

“कोणासाठी खोकू?” म्हणाले. “पत्रा मारलाय ना दोन्हीकडे.”

“म्हणजे?”

“माझ्या घशाला काय धाड भरली आहे? तुझी मशीन थांबली की मला कळायचं, बाई कान लावून बसली. मग खोकायचो. मशीन सुरू व्हायची. मी माझ्या कामाला लागायचो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझा चिमटा तुला ऐकू येतो, तर तुझी एवढी थोरली मशीन मला ऐकू यायची नाही? त्या दिवशी डोळे उघडले तेव्हाच मनात आलं, हिला कळलं कसं. वर पाहिलं, तर जाळी.”

मी पदराने डोळे पुसले. मग तेच जरा चिडून म्हणाले, “आणि मशीनचा आवाज बंद झाल्यापासून माझं एक घड्याळ धड बसलेलं नाही. तिकडे तू बसलीस की पडलीस, मला काय कळणार? तुझ्या खोलीत हल्ली इस्त्रीला वीज लागत नसेल. उचल ती मशीन आणि इकडे आण.”

“धागे उडतील, बाबा. तुमच्या डायलवर बसतील.”

“बसू देत. इतकी वर्षं खोटा आळ घेत होतो. आता खरा घेईन.”

संध्याकाळी सुतार आला, त्याने आणि मी मशीन उचलून आत ठेवली. बाबांनी स्वतःचं टेबल कोपऱ्यात ओढलं, मला खिडकीकडची उजेडाची बाजू दिली. काच फुटली तिथे सध्या पुठ्ठा आहे. मी हे त्यांच्या खोलीत बसूनच लिहिते आहे. कडी अजून लावतात, वाऱ्यासाठी. आता मी आतच असते, तेव्हा लावोत.

एक गोष्ट मात्र तशीच आहे. मघाशी बाबा स्प्रिंग उचलता उचलता थांबले, टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. मी उठले, तर हाताने बस म्हणाले. ओठांचा रंग उतरून परत आला, तो मी डोळ्यांनी पाहिला. पट्ट्यांच्या तपासणीचं नाव काढलं तर म्हणाले, “बघू.” हे “बघू” मी ऐकत आले आहे. तिथे माझं चालत नाही.

तुझी वहिनी


३ मे

प्रिय बाबा आणि वहिनी,

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकते आहे. आधी बाबांनी उघडावं.

बाबा, कडी लावली की तुम्ही खोकता आणि बाहेर आलात की थांबता, हे मी पाहिलं ते बरोबर होतं. त्यावरून काढलेला अर्थ पूर्ण चुकीचा होता. कण मात्र डक्टमधलेच होते, ते विधान कायम आहे. खिडकीला लवकर काच बसवून घ्या. पुठ्ठ्याच्या फटीतून गार हवा जाते. तुमच्या खोलीतल्या यंत्राला आता आणखी एक माणूस आणि शिलाई मशीनची मोटर एवढी उष्णता जास्त आहे, पण ते पुरं पडेल. मी हिशोब करून पाहिला. वहिनींच्या खोलीचं युनिट रद्द करत नाही, पुढे ढकलते.

तुमची नाडी थांबते, हे मला गेल्या थंडीपासून कोणी सांगितलं नाही. त्याबद्दल मी भांडणार नाही. एकच विचारते. दुरुस्त केलेलं घड्याळ तुम्ही त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात कधीच दिलं नाहीत. एक दिवस आणि एक रात्र समोरच्या खुंटीवर टांगून ठेवता. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी तुमचं उत्तर ठरलेलं, “कानाला बरं वाटतं म्हणजे बरं असतंच असं नाही. चालू दे, बघू दे.” डॉक्टर तुमच्याकडे तेवढंच मागतात. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी मागितलं आणि तुम्ही त्यांना तुमच्याच गिऱ्हाइकासारखं घाईचं उत्तर दिलंत.

नऊ तारखेची वेळ घेतली आहे. पट्टे लावून घरी यायचं असतं, टेबलाशी बसून कामही करता येतं. मी आठला पोचते. नोंद पूर्ण होईपर्यंत तुमच्या खोलीत बसेन. डोक्यावर नाही, दाराशी. बोलणार नाही, त्याची मला सवय आहे. वहिनी मशीन चालवत असतील. तपासणीनंतर काय निघेल ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी धीर देत नाही.

नको असेल तर तसं लिहा. “बघू” लिहू नका.

तुमची मुलगी


६ मे

बाळ,

पत्र मी उघडलं. वाचलं सूनबाईने, मशीन थांबवून. गिऱ्हाइकावर आलीस तेव्हा तिने पत्र माझ्या हातात दिलं, पुढचं मी वाचलं.

नऊ तारीख चालेल.

एक आहे. खुंटीवरून उतरवून घड्याळ हातात देताना मी गिऱ्हाइकाला वर्षाची हमी देतो. तुझ्या डॉक्टरांना विचारून ठेव, ते किती दिवसांची देतात.

नाही, विचारू नकोस. तू ये.

बाबा